उजेडाला धरलेलं डोकं

"पेशंट कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या पाठीमागं दाराकडं बघितलं. विचारण्याचा सूरच असा होता की मीही वळून बघितलं. वाटलं, मागून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत येत असेल. मागं कुणी नव्हतं. दार आपलं आपण हळूहळू मिटत होतं. मी म्हटलं, मीच. मग त्यांनी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीला लावलेल्या काळ्या फिल्मकडं बघितलं, माझ्या चपलांकडं बघितलं, आणि परत फिल्मकडं. "तुम्ही चालत आलात?" मी म्हटलं, जिना चढून आले, लिफ्टला रांग होती. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या फिल्मवर एकेक पांढरा ठिपका मोजायला लागले. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. तेवीसपर्यंत त्यांचे ओठ हलताना मला दिसले, मग त्यांनी पेन परत खिशात ठेवलं. मी उभीच होते. बसा म्हणायचं ते विसरले होते आणि बसायचं मी विसरले होते.

झालं होतं एवढंच की दिवाळीनंतर बेगडेवाडी स्टेशनच्या रस्त्यावर खडीवरून माझी स्कूटी घसरली. डोक्याला मुका मार, दोनदा उलटी, बाकी गुडघा सोलवटलेला. कैलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळ्या गोष्टी शेवटापर्यंत न्यायची खोड. त्यानं डोक्याचा साधा फोटो काढायला लावला. त्यात काहीतरी दिसलं म्हणून मग मोठा, त्या ढणाढणा वाजणाऱ्या नळकांड्यात घालून काढतात तो. पडल्याचं काहीच निघालं नाही. निघालं ते भलतंच, जुनं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या तारांवर जे आवरण असतं ते आपलंच शरीर परकं समजून खातं, म्हणाले, आणि जिथं खाल्लं तिथं असा डाग उमटतो. मी कामशेतजवळ गुलाबाच्या पॉलिहाऊसवर ग्रेडिंगला आहे. दहा वर्षं झाली. फूल हातात घ्यायचं, दांडा टेबलावरच्या खुणांशी लावायचा, पाकळी बोटानं जराशी उघडायची, आणि पाकळीवर सुईच्या टोकाएवढा डाग दिसला तरी बाजूच्या ढिगात टाकायचं. कितीही टवटवीत असो. माझी नजर त्यासाठी नावाजलेली आहे, म्हणून त्या फिल्मकडं बघताना मला डॉक्टरांनी काही सांगायची गरज नव्हती. मी स्वतःला कधीच बाजूच्या ढिगात टाकलं होतं.

मग ते मागचं विचारायला लागले. कधी डोळ्यापुढं धुरकट झालं होतं का? मी झटक्यात नाही म्हटलं, आणि म्हणता म्हणता आठवलं. माऊली तीन महिन्यांचा असताना माझा डावा डोळा सायीसारखा झाला होता. उजवा मिटला की पोराचं तोंड दुधावरच्या सायीखालून दिसायचं. सासूबाईंनी बाळंतिणीला नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या, माझंच दूध माझ्या डोळ्यात पिळलं, आणि तीन आठवड्यांनी साय गेली. सगळ्यांनी सासूबाईंच्या हाताला गुण आहे म्हटलं. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं का? अगं बाई, ते तर मला किती वर्षं होतं! भात लावताना वाकलं की मानेपासून थेट टाचेपर्यंत सळ्ळकन एक तार ओढल्यासारखी जायची. मी एकदा आईला विचारलं होतं. आई म्हणाली, भात लावताना सगळ्यांचीच पाठ बोलती, तू काय निराळी हाईस? वडिवळ्याला सून होऊन आले, तिथंही धरणाखालच्या खाचरांत बायका रांगेनं वाकलेल्या, सगळ्यांच्या तोंडी पाठ आणि कंबर. मला वाटलं सगळ्यांच्याच अंगातून ही वीज जाते आणि लाजेनं कुणी बोलत नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. ते लिहीत होते तसतशी माझी एकेक आठवण माझ्याकडून निघून त्या फिल्मकडं जात होती. हा डोळा कुठल्या ठिपक्याचा, ही वीज कुठल्या. माझं स्वतःचं काय उरतं ते मला कळेना.

बाहेर बाकावर नंदाबाई होती. तेव्हा नाव ठाऊक नव्हतं. पन्नाशीची बाई, पुढ्यात चार पायांचा वॉकर, पदर नीट खोचलेला, मांडीवर माझ्यासारखंच मोठं पाकीट. तिनं मला आत जाताना बघितलं होतं आणि बाहेर येतानाही. "नातेवाइकाचं हाय व्हय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, माझंच. तिनं माझ्या पायांकडं बघितलं. त्या दिवसापासून सगळी दुनिया आधी माझ्या पायांकडंच बघायला लागली. ती वडगावची, अंगणवाडीत मदतनीस होती. चार वर्षांपूर्वी पोरांना खिचडी वाढता वाढता पाय असा गेला की पातेल्यासकट खाली. तेव्हापासून आधी काठी, मग हे चार पाय. आणि तिच्या फिल्ममध्ये डाग किती? दोन. तिनं पाकिटातून काढून दाखवले, जरा ओशाळून. डोक्यातले ते दोन, आणि मानेत कुठंतरी एक पुसटसा, तोही असला तर असला. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की डागांची संख्या आणि पायांची ताकद यांचा फारसा मेळ बसत नाही. कुठं पडला, मेंदूनं दुसरी वाट शोधली का, आणि फिल्मला न दिसणारं आत काय चाललंय, यावर सगळं. मलाही त्यांनी तेच सांगितलं होतं, फक्त उलट बाजूनं. मी चालतेय हे नशीब समजा आणि इंजेक्शनं लगेच सुरू करा, असं.

ते घरी कुणाच्या गळी उतरणार? नंदाबाईच्या नवऱ्यानं, धोंडिबानं, तिची फिल्म बल्बसमोर धरली होती आणि म्हणाला होता, दोनच ठिपके? माझ्या डोक्यात बी निघतील एवढे, मी काय वॉकर घेतलाय? कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, मोजून येईल तेच खरं. सून तोंडावर बोलायची नाही, पण नंदाबाई न्हाणीकडं निघाली की हातातलं काम थांबवून बघत राहायची, बघणारं नसताना ही कशी चालते ते. नंदाबाई सांगत होती, एकदा मी खरंच पडले बाई, आन् पडल्या पडल्या मलाच वाटलं, पडले का पाडून घेतलं? हे ती हसत सांगत होती. मला तिचा राग आला. इतका राग की माझं मला नवल वाटलं. दोन डाग घेऊन ही बाई निवांत खिळखिळी झाली होती, आणि माझ्यापुढं अख्खं काळं आभाळ होतं आणि मी जिना चढून आले होते. तिची वॉकरवरची बोटं बघताना मनात आलं, हे माझं आहे. हे हिच्याकडं चुकून गेलंय, आणि एक दिवस ज्याचं त्याला पोचणार.

घरी कैलासनं मला काचेच्या बरणीसारखं धरलं. गरम पाण्यानं अंघोळ नको, उन्हात नको, पायरीवर हात धर. डॉक्टरांनी उष्णतेनं त्रास वाढतो म्हटलं होतं, हा चुलीपुढंही जाऊ देईना. मी म्हटलं, मला झालंय काय? तो म्हणायचा, फिल्म बघितली न्हाईस का? ती फिल्म कपाटावर ठेवलेली, साड्यांच्या वर. येता-जाता मला तिचं असणं कळायचं. सासूबाई, म्हणजे झुंबरबाई, म्हणाल्या, दुखणं हत्तीच्या पायानं येतं आन् मुंगीच्या पायानं जातं. मी मनात म्हटलं, माझं तर मुंगीच्याच पायानं आलंय, वारूळ झालं तरी पत्ता नाही. त्यांनी आपल्या परीनं केलंच. दहीभात, लिंबू, हळदकुंकू, माझ्यावरून सात वेळा उतरवलं आणि तिन्हीसांजेला धरणाच्या रस्त्याला तीन वाटा फुटतात तिथं नेऊन ठेवलं. ठेवून यायचं आणि मागं वळून बघायचं नाही. वळलं तर ते परत तुमच्या मागं येतं, आणि जो न बघता ओलांडेल त्याच्या पायाला लागतं. मी त्यांना चिडवलं, सकाळी दूधवाला ओलांडेल ना हो, त्याचं काय? त्या म्हणाल्या, ज्याचं त्याचं नशीब. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण दुसऱ्या दिवशी कामाला जाताना मी तीन वाटांवरून न जाता बांधावरून गेले.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी एकाच दिवशी होतो. मी मुद्दाम कैलासला येऊ दिलं नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शनांचा कागद दिला आणि मी विचार करते म्हटलं. विचार कसला? इंजेक्शन घेतलं की मी पेशंट. नाही घेतलं तर डोक्यात काही का असेना, पाय माझे. परतीची लोकल संध्याकाळची, पण गर्दीच्या जराशी आधीची म्हणून डबा रिकामा. नंदाबाई खिडकीशी. ती म्हणाली, दाखव ना गं तुझी. मी फिल्म काढून दिली. तिनं ती खिडकीला धरली आणि मावळतीचा उजेड माझ्या डोक्यातून तिच्या तोंडावर पडला. डब्यात, घोरावाडीच्या आसपास, माझं डोकं सोळा तुकड्यांत कापून खिडकीला लावलेलं, आणि प्रत्येक तुकड्यात पांढरे ठिपके. "लय हायेत गं तुझ्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती. ती हेव्यानं बघत होती.  तळेगाव गेलं तरी ती फिल्म खाली ठेवीना. मग म्हणाली, "मला देतीस? चार दिवस. घरी दाखवीन फकस्त. एकदा तरी त्यांनी म्हणावं, व्हय, तुला हाय." कोपऱ्यात माझं नाव आहे, मी म्हटलं. ती म्हणाली, त्यांना इंग्रजी बारीक अक्षर लागत न्हाई, आन् मी वर टिकल्या लावीन.

आता सरळ सांगते, कारण पुढं मी हे कुणाला सांगितलं नाही. तिची दया येऊन मी फिल्म दिली नाही. बाहेर तिन्हीसांज होती. असल्या वेळी आमच्यात मीठ उसनं देत नाहीत, विरजण देत नाहीत. मी माझं डोकं दिलं. देताना मला ठाऊक होतं मी काय करतेय. तीन वाटांवर लिंबू ठेवतात तसं मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. वडगावला ती उतरली, वॉकर आधी, मग ती, काखेत पाकीट. गाडी हलली. मी समोरच्या रिकाम्या बाकाकडं बघत बसले आणि कामशेत येईपर्यंत खिडकीकडं मान वळवली नाही.

चार दिवसांचे दोन महिने झाले. मी मागितली नाही, तिनं दिली नाही. कैलासला सांगितलं फिल्म डॉक्टरांनी ठेवून घेतलीय, तेच बोलावतील. कपाटावरची जागा मोकळी झाली आणि मी खरंच मोकळी झाले. धरणाच्या भिंतीवर माऊलीबरोबर पळाले. ग्रेडिंगच्या हॉलमध्ये गार असतं, शीतखोलीचं दार सारखं उघडतं, तिथं मला मुळीच काही व्हायचं नाही. फक्त एक गोष्ट सुरू झाली. दुपारी चारच्या सुमाराला, हातात फूल असताना, कपाळाच्या आतून ऊन आल्यासारखं वाटायचं. डोळ्यांना नाही, डोळ्यांच्या मागं. कुणीतरी मला उचलून उजेडाला धरलंय आणि निरखून बघतंय, असं. दोन-तीन मिनिटं आणि मग परत खाली ठेवल्यासारखं. सुरुवातीला मी हसले. मग रोज चार वाजायची वाट बघायला लागले. रविवारी घरी असतानाही ते यायचं, उशिरा, पाचला. एकदा तर त्या आतल्या उजेडात एक मोठी सावली माझ्या डोक्यावरून या कानापासून त्या कानापर्यंत सरकली, बोट फिरवल्यासारखी. हातातला गुलाब मी कुठल्या ढिगात टाकला मला आठवत नाही. भीती वाटली, पण सांगणार कुणाला? सांगितलं की फिल्म काढा. फिल्म कुठंय?

जानेवारीच्या शेवटी आमच्याकडं उसंत नसते. फेब्रुवारीच्या चौदा तारखेसाठी सगळं जग गुलाब मागतं आणि कळी ठरल्या वेळी तोडली नाही तर वाया. तोडणीच्या बायका कमी पडल्या. डोंगरावरच्या वाडीच्या सावित्राबाई आणि त्यांच्या दोघी-तिघी दुसरीकडं गेल्या होत्या. सुपरवायझर निलेश म्हणाला, ताई, आजच्या दिवस आत जाता का? मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागतं. प्लॅस्टिकच्या छताखाली बाराला भट्टी होते. पांढरा आंधळा उजेड, कुठून येतो कळत नाही, सावलीच पडत नाही. तिसऱ्या वाफ्यात डावा डोळा सायीसारखा झाला. मी थांबले, पाणी प्याले. पाचव्या वाफ्यात मागं वळून बघितलं तर माझी एक चप्पल दहा पावलं मागं पडली होती. मी दहा पावलं उजव्या पायानं अनवाणी चालून आले होते आणि मला कळलंच नव्हतं. परत गेले, चप्पल घालायला पाय पुढं केला. पाय दिसत होता. आत कुणी नव्हतं.

हॉलमध्ये येऊन गारव्यात अर्धा तास बसले. डोळा निवळला, पाय नाही. खाली बघत चाललं तर नीट पडायचा. नजर काढली की तो कुठं आहे ते मला कळत नव्हतं. दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, उद्या सकाळी या, नवा फोटो काढायला लागेल, आणि जुनी फिल्म आणा, ताडून बघायला हवी, डॉक्टर त्याशिवाय ठरवणार नाहीत. कैलासला काय सांगू? मी डोकं दुखतंय म्हणून सुट्टी घेतली, कामशेतहून गाडी धरली आणि वडगावला उतरले. नंदाबाईचं घर स्टेशनापासून जवळ, विचारत गेले. पूर्ण रस्ता मी माझ्या उजव्या पायावर डोळे ठेवून चालले, डोक्यावर हंडा घेतल्यासारखी जपून.

दार धोंडिबानं उघडलं. चांगला उंचापुरा, पिकल्या मिशांचा माणूस. मी म्हटलं, दवाखान्यातली मैत्रीण. या या, म्हणाला, तिला बघायला रोज कुणी ना कुणी येतंय. आत कॉटवर नंदाबाई, पाठीला तीन लोड, अंगावर नवी शाल, सून कोमल पायाशी तेल लावत बसलेली. मला बघितलं आणि नंदाबाईचं तोंड उतरलं. धोंडिबा मला सांगायला लागला, आमाला वाटायचं नखरं करती. मी लय बोललो तिला, पाप लागलं मला. मग हे बघितलं. आणि त्यानं कॉटखालून पाकीट काढलं, पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सारला आणि फिल्म काचेवर धरली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या कपाळाच्या आत ऊन आलं. "रोज येणाऱ्याला दाखवतो," तो म्हणाला, "बघा, डोकं कसं पोखरलंय. अशी बाई वरीसभर बी चालायची न्हाई." आणि त्यानं आपलं जाड बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत ठिपक्यांवरून फिरवलं. मी दाराची चौकट धरली. तो इतक्या मायेनं बोलत होता की मला रडू आलं. माझी शिक्षा कुणीतरी दुसरीच्या नावानं वाचत होतं, आणि दुसरी शाल पांघरून ऐकत होती.

तो पाणी आणायला वळला तेव्हा मी नंदाबाईला हळूच म्हटलं, मला ती परत पाहिजे, डॉक्टरांनी मागितलीय. पायाचं बोलले नाही. ती शालीच्या दशा ओढत राहिली. मला वाटलं ती नको म्हणेल, आणि खरं सांगते, तिनं नको म्हटलं असतं तर मी तशीच निघून गेले असते. तिचंही बरोबरच ठरलं असतं. दोन महिने तिला घरात कुणी चोरून बघितलं नव्हतं. मग तिनं नवऱ्याला हाक मारली, फिल्म मागून घेतली, आणि कोपऱ्यातल्या टिकल्या नखानं एकेक काढल्या. म्हणाली, "ही माझी न्हाई. हिची हाय." कोमलनं तेलाचे हात पुसून अक्षरं वाचली, माझं नाव, कैलासचं नाव, वय चौतीस. धोंडिबा तांब्या घेऊन तसाच उभा. त्याच्या तोंडावरचं सगळं परत मिटत गेलेलं मला दिसलं. म्हंजे दोन महिनं, एवढंच तो म्हणाला. कोमल पायाशी परत बसली नाही.

"ऐका," नंदाबाई म्हणाली.  "डाग हिच्यात हायेत, विसाच्या वर. आन् ही बघा, कामाला जाती, जिनं चढती. माझ्यात दोन, आन् माझं पाय गेलं. डॉक्टर हेच सांगत होतं, तुमी ऐकलं न्हाई. मी खोटं दाखवलं, पर मी खोटी न्हाई. सारिका, तू चालून दाखव यांना."

 बोलायला हवं होतं ते एकच वाक्य होतं आणि ते बोललं की तिचा साक्षीदार मेला. धोंडिबा बाजूला सरला. कॉटपासून खिडकीपर्यंत शहाबादी फरशा, आठ. मी दार सोडून कॉटपाशी आले, वळले, पाय बघितला, टाकला. पहिली फरशी. पाय बघितला, टाकला. तिघांचे डोळे माझ्या पावलांवर, आणि माझेही. चौथ्या फरशीवर धोंडिबा म्हणाला, खाली काय बघताय, वर बघून चाला की. कारखान्यातला माणूस, त्याला बरोबर खोट सापडली. मी नजर वर केली. समोर नंदाबाईच्या सुनेनं फिल्म परत काचेला टेकवून ठेवली होती, उन्हात, तिच्यात माझं डोकं सोळा वेळा पेटलेलं. खाली मला पाय नव्हते. कंबरेपर्यंत मी होते, आणि त्याखाली खोलीतली हवा. मग आवाज आला, फरशीवर अनवाणी पाऊल पडल्याचा. मग दुसरा. मी पाचपासून पुढं मोजायला लागले, कुणीतरी शेजारच्या खोलीत चालतंय ते मोजावं तसं. आठ झाल्यावर माझं नाक काचेपाशी होतं. वळले ते त्या आवाजाच्या भरवशावरच. परत आठ. सरळ. कुठंही अडखळलं नाही. कोण चाललं मला ठाऊक नाही. मी नव्हते, एवढं नक्की. कॉटची कड दिसली आणि मी बसले.

 धोंडिबानं आधी विचारलं, म्हंजे डागांचं आन् पायांचं काय बी नातं न्हाई? मी म्हटलं, लय थोडं. तो नंदाबाईच्या पायाशी येऊन खाली बसला, तिची टाच आपल्या तळव्यात उचलून धरली, वजन बघितल्यासारखी, आणि सोडली. टाच सोडली तशीच खाली पडली. त्यानं परत उचलली. "किती वर्षं गं?" त्यानं विचारलं. "चार," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली, मिशीवरून हात फिरवला, आणि मी चहा टाकतो म्हणाला. कोमल उठायला लागली तर तिला म्हणाला, तू तेल लाव.

आत भांड्यांचा आवाज यायला लागला. सासऱ्याला चहापत्ती सापडेना म्हणून कोमलही शेवटी आत गेली. नंदाबाई रडत होती, आणि रडताना तिचं तोंड इतकं तरुण दिसत होतं की मला तिच्याकडं बघवेना. मी जमिनीकडं बघितलं. पाय तिथंच होते, जोडीनं, नीट ठेवलेले. उठायचं म्हटलं, मनात, नेहमीसारखं. काहीच झालं नाही. परत म्हटलं. मग मी तसं म्हणायचं सोडून दिलं.

"उपकार झाले गं," नंदाबाई म्हणाली. "न्हाईतर मी..." आणि थांबली. ती माझ्याकडं निराळंच बघत होती. मी तिच्या नजरेमागोमाग खाली बघितलं, तेव्हा मला दिसलं की तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवलाय. चांगला दाबून, साडी चुरगळेपर्यंत. कधी ठेवला होता कुणास ठाऊक.

"कळंना व्हय?" तिनं अगदी हळू विचारलं.

"न्हाई."

"कवापास्नं?"

"दुपारपास्नं."

तिनं तोंडावर पदर धरला. स्वयंपाकघरात धोंडिबा सुनेला विचारत होता की आलं किती घालायचं. नंदाबाई आत हाक मारणार होती, पण मी तिचा हात तिथंच, माझ्या गुडघ्यावर, धरून ठेवला. तो माझ्या हाताला कळत होता. मी म्हटलं, त्यांना चहा आणू दे, त्यांच्यापुढं मी अशीच बसून राहते, पाहुणी म्हणून. नंतर तू पिशवीतून माझा फोन काढ आणि कैलासला लाव. फिल्म मी तुझ्याकडं दिली होती ते मीच सांगीन. त्याला म्हणावं, गाडी दारापर्यंत आण आणि मला उचलायला आत ये.